ऑर्डरची चित्रं काढून हात विटलाय, महिनाभर काम बंद ठेवू का?

तुम्ही लिहिलंय की सात-आठ वर्षं सलग ऑर्डरची चित्रं काढल्यावर आता कोरा कागद समोर आला की नको वाटतं. महिनाभर थांबलं तर हाताची सवय मोडेल, गिऱ्हाईक तुटेल, ही भीती आहे.

थांबा. पण तो महिना झोपून काढू नका, खेळून काढा.

मी नाशिकची, जलरंगात काम करते. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांच्या या गावात गोदाघाट कुणाला चुकत नाही. रामकुंड, नारोशंकराचं देऊळ, वसईच्या विजयाची आठवण सांगणारी ती घंटा. हॉटेलवाल्यांना तेच हवं, बिल्डरांनाही तेच. एकदा घाटावर बसून काढताना लक्षात आलं, वर न बघताच माझा हात शिखर काढून मोकळा झाला होता. त्या दिवशी मी खरंच घाबरले. मग चाळीस दिवस काम बंद ठेवलं.

पहिला आठवडा वाईट गेला. कपाटं आवरली, मोबाइल बघत बसले, रिकामी बसलेय म्हणून मन खात राहिलं. न्यूयॉर्कचे डिझायनर स्टेफान साग्माइस्टर दर 7 वर्षांनी वर्षभर स्टुडिओ बंद ठेवत आलेत. पहिल्या खेपेला त्यांनी काहीच ठरवलं नव्हतं आणि दिवस वाया जाऊ लागले, तेव्हा त्यांनी शाळेसारखं वेळापत्रक आखलं. मी एवढंच ठरवलं की रोज चार वाजता घाटावर जायचं. रंग आणि कागद न्यायचा नाही.

नेला फक्त दोन इंची ब्रश. मे महिना, काळ्या दगडाच्या पायऱ्या तापलेल्या. ब्रश नदीत बुडवून पायरीवर ओढला, तर रेघेचं टोक गाठेपर्यंत सुरुवात वाळलेली. द्रोणातले दिवे विकणारा एक पोरगा शेजारी येऊन बसला. "मावशी, म्हैस काढा." शिंगं काढली, पाठ काढली, शेपटीपर्यंत पोचले तर शिंगं गायब. त्यानं माझ्या हातातून ब्रश घेतला. "आधी शेपूट काढायची, शिंगं शेवटी." तास-दीड तास आम्ही म्हशीच काढत होतो. उरली एकही नाही, आणि एकही फोटो काढून ठेवावासा वाटला नाही. काढलेलं राहणारच नाही म्हटल्यावर "बरं झालंय का, विकलं जाईल का" हा प्रश्नच उरत नाही, फक्त बघायचं आणि पटकन ठरवायचं. जलरंगात तरी दुसरं काय लागतं?

तुमचा हात मेलेला नाही हो. आमच्या जुन्या नाशकातल्या रहाडी वर्षभर लाकडं आणि मातीखाली बुजवलेल्या असतात, वरून रोजची रहदारी चालू असते. रंगपंचमीला माती उपसली की खाली हौद असतोच. त्यात रंगाचं पाणी भरतात आणि माणसं धप्पा मारतात. मला त्या दिवसांत रहाड फार आठवायची.

गिऱ्हाइकांचं म्हणाल, तर तीन आठवडे आधी सगळ्यांना कळवा आणि काम पुन्हा कधी सुरू होणार ती तारीख सांगा. हातातली ऑर्डर पुरी करा, नवीन आगाऊ रक्कम घेऊ नका. दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय मात्र सुरुवात करू नका, पैशाची काळजी असली की खेळ होत नाही. माझं एक गिऱ्हाईक गेलं, बाकीचे थांबले.

परतल्यावर पहिली ऑर्डर पुन्हा नारोशंकराचीच निघाली. सकाळी जाऊन बसले. घंटेच्या आतला अंधार मी इतकी वर्षं काळा रंगवत होते. तो जांभळा आहे, आणि कडेला थोडासा हिरवा.