लंब केंद्रातून जातोच असं नाही

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. चाचणीत उदाहरण होतं, त्रिकोणाच्या बाजू १३, १४ आणि १५ सेंमी, तर परिवर्तुळाची, म्हणजे तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची, त्रिज्या काढा. त्याचं उत्तर ८.०४ आलं, सरांचं ८.१२५. पाचपैकी शून्य मिळालं. घरी आकृती काढून पट्टीने मोजलं तर आठच्या किंचित पुढेच येतं. मग त्याचं चुकलं कुठे? वहीचा फोटो सोबत जोडला आहे.
– एक आई, सिन्नर

उत्तर : ताई, फोटो मोठा करून ओळ न् ओळ पाहिली. आकृती स्वच्छ आहे, आकडेमोडीत एकही चूक नाही. चूक आहे ती एका रेघेत. त्याने वरच्या अ बिंदूपासून १४ च्या पायावर, म्हणजे बक वर, लंब टाकला. त्याची लांबी १२ बरोबर काढली. आणि मग तोच लंब वर्तुळाच्या केंद्रातून जातो असं धरून पायाचे ७-७ असे दोन भाग केले. पुढे पायथागोरस लावला : त्रिज्येचा वर्ग = ७ चा वर्ग + (१२ वजा त्रिज्या) चा वर्ग. त्यातून १९३ भागिले २४, म्हणजे ८.०४.

एकतीस वर्षं मी दहावीला भूमिती शिकवली, दरवर्षी ही रेघ कुणाच्या तरी वहीत भेटायचीच. केंद्र असतं ते बाजूच्या लंबदुभाजकावर, म्हणजे बाजूच्या मध्यातून काढलेल्या लंबावर. अ मधला लंब आणि तो लंबदुभाजक एकच व्हायला अब आणि अक सारख्या हव्यात. इथे एक १३, दुसरी १५. १३ च्या वर्गातून १२ चा वर्ग वजा केला की २५ उरतात, म्हणजे एक तुकडा ५ चा. १५ च्या वर्गातून वजा केला की ८१, म्हणजे दुसरा ९ चा. लंब पायाच्या मध्यापासून चांगला २ सेंमी सरकलेला आहे, आणि केंद्रही लंबापासून तेवढंच दूर.

पट्टीने हे का सापडलं नाही? दोन उत्तरांत फरक आहे एका मिलिमीटरहूनही कमी. पेन्सिलीचं टोक थोडं बोथट असलं तरी तो रेघेच्या जाडीतच बुडतो. म्हणून भूमितीत मोजून भागत नाही, सिद्ध करावं लागतं.

आता बरोबर वाट. अ मधून व्यास काढा, त्याचं दुसरं टोक ड. लंबाचा पाया ल. अर्धवर्तुळातला कोन म्हणून अबड काटकोन, आणि अलक तर काटकोन आहेच. ड आणि क इथले कोन अब या एकाच कंसावरचे, म्हणून एकरूप. दोन कोन जुळले, त्रिकोण अबड आणि अलक समरूप झाले. म्हणून अड : अक = अब : अल. व्यास = १३ × १५ ÷ १२ = १६.२५, त्रिज्या ८.१२५. पडताळा हवा तर केंद्र पायापासून ४.१२५ वर येतं. ७ आणि ४.१२५ च्या वर्गांची बेरीज ६६.०१५६२५, आणि ८.१२५ चा वर्गही तोच.

दोन बाजूंचा गुणाकार भागिले लंबाची दुप्पट, हा त्रिज्येचा नियम ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त दिला आहे. आणि मुलाला हेही सांगा, की १३-१४-१५ हाच त्रिकोण भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त घेतला आहे. तिथे १४ ला मनू आणि १५ ला तिथी म्हटलंय (मनू चौदा, पक्षातल्या तिथी पंधरा, म्हणून), आणि लंबाने झालेल्या ५ आणि ९ या तुकड्यांना ‘आबाधा’ असं खास नाव आहे. मला तो शब्द फार आवडतो. तुकड्यांना वेगळं नाव असलं, की ते समान असतील असं गृहीत धरायला मन धजत नाही.

गुणांबद्दल म्हणाल, तर शून्य मला पटलं नाही. १२ चा लंब काढणं हेही काम आहे. त्याचे दोन गुण मी दिले असते. सरांना शांतपणे विचारून पाहा.

त्याला आता बाजू ९, १०, १७ द्या, पाया ९. लंब ८ येईल, पण त्रिकोणाच्या बाहेर पडेल. घाबरू नको म्हणावं, नियम तिथेही तोच. उत्तर १०.६२५ आलं, की वहीचा फोटो पुन्हा पाठवा.