तुलूजला यायचं ठरवताय म्हणून

तुमच्या पत्रातले प्रश्न मला असे दिसले: दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजच्या विमान कंपनीत नवऱ्याचं काम इंग्रजीतच चालणार असेल, तर फ्रेंच शिकायची खरंच गरज आहे का? इंग्रजी येत असूनही फ्रेंच माणसं ती बोलत नाहीत म्हणतात, ते खरं का? आणि सात वर्षांच्या लेकीचं मराठी तिथे टिकेल का? पहिल्याचं उत्तर हो, गरज आहे, आणि नाशिक सोडण्याच्या आधीपासून आहे. बाकी दोन्ही उत्तरं त्याच्यातच गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑफिसपासून सुरुवात करू. मीटिंग इंग्रजीत होईल, ईमेल इंग्रजीत येतील. पण दुपारी जेवायला सगळे एकत्र निघतात, तास-सव्वा तास बसतात, आणि तिथली भाषा फ्रेंच. कोण कुठल्या प्रकल्पावर जाणार, कुणाचं साहेबाशी पटत नाही, घर कुठे रिकामं होतंय, हे सगळं त्या टेबलावर कळतं. डब्बा घेऊन आपल्या डेस्कवर बसणारा माणूस हुशार असूनही बाहेरचाच राहतो. घरमालक, डॉक्टर, वीज कंपनी, शाळेतून येणारी सूचनावही, हे तर पूर्ण फ्रेंचमध्येच. नोकरीचा लेखी करारसुद्धा कायद्याने फ्रेंचमध्येच करावा लागतो. मात्र परदेशी कर्मचाऱ्याला तो आपल्या भाषेत भाषांतर करून मागायचा हक्क आहे. तो मागाच, आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

आता माणसांबद्दल. 'फ्रेंच लोक भाषेच्या बाबतीत गर्विष्ठ' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही, कारण इथली भाषा कशी घडली हे कळल्यावर त्या आग्रहाचं मूळ दिसतं. 1539 मध्ये पहिल्या फ्रान्स्वा राजाने व्हिलेर-कोतरे इथून फर्मान काढलं की न्यायालयाचे आणि सरकारी कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहायचे. 1635 मध्ये राजाचा मुख्यमंत्री रिशल्यू याने भाषेचे नियम ठरवणारी फ्रेंच अकादमी स्थापन केली. पण हे सगळं दरबाराचं आणि कागदाचं झालं. गावोगाव लोक ब्रेतों, बास्क, आल्सेशियन, कोर्सिकन आणि इथे दक्षिणेत ऑक्सितान बोलत होते. 1794 मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्र्यांनी क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला, त्यात सांगितलं की किमान 60 लाख लोकांना राष्ट्रभाषा येतच नाही, आणखी तेवढ्यांनाच ती धड बोलता येत नाही, आणि शुद्ध बोलणारे 30 लाखांच्या वर नाहीत. तेव्हा देशाची लोकसंख्या अडीच कोटींच्या वर होती.

क्रांतिकारकांचा विचार सरळ होता: शेतकऱ्याला कायदा वाचता आला नाही तर तो नागरिक कसा होणार? सगळे समान व्हायचे तर सगळ्यांची भाषा एक हवी. या विचाराची किंमत फार मोठी पडली, ते पुढे सांगते. पण आज एखादा कारकून तुम्हाला फ्रेंचमध्ये बोलायला लावतो, तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा तुम्हाला कमी लेखणं नसतं. या देशात आलात, तर आमच्यातले एक व्हा, असं त्याचं म्हणणं असतं. आणि तुम्ही तोडकंमोडकं का होईना, प्रामाणिकपणे बोलायला लागलात की तीच माणसं थांबून ऐकतात, चूक सुधारून देतात. इंग्रजी येत नसल्याचा संकोच त्यांनाही असतो, हे विसरू नका.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा. बेकरीत, बसमध्ये, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही गेलात की आधी 'बोंझूर' म्हणायचं. बेकरीच्या रांगेत आपला नंबर आल्यावर थेट 'एक बागेत' (म्हणजे तो लांब पाव) म्हटलंत तर काउंटरमागची बाई तुमच्याकडे बघून सावकाश 'बोंझूर' म्हणेल आणि थांबेल. तुम्ही ते परत म्हटल्याशिवाय पाव हातात पडणार नाही. तो उद्धटपणा नाही; तिला आधी माणूस म्हणून ओळख दिली पाहिजे, एवढंच. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्यांना 'व्हू' म्हणजे आपलं 'तुम्ही', आणि समोरच्याने सुचवलं की मग 'त्यू'. ऑफिसात बरेचदा पहिल्याच दिवशी 'त्यू'वर येतात. तेवढ्यावरून जवळीक झाली असं मात्र धरू नका, तिला वेळ लागतो.

तुलूज नुसतं विमानांचं गाव नाही. कॉन्कॉर्डने पहिलं उड्डाण 2 मार्च 1969 रोजी इथून केलं हे नवऱ्याच्या ऑफिसात सांगतीलच, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर स्वतःची भाषा आणि स्वतःचं राजकारण असलेलं होतं. बाराव्या-तेराव्या शतकात इथल्या काउंटांच्या दरबारात त्रुबादूर कवी ऑक्सितानमध्ये गात. मग चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर या ख्रिस्ती पंथाच्या नायनाटासाठी पोपने 1208 मध्ये धर्मयुद्ध पुकारलं आणि उत्तरेचे सरदार दक्षिणेवर तुटून पडले. त्यांचा सेनापती सिमों द मोंफोर 1218 मध्ये तुलूजच्या वेढ्यातच दगड लागून मेला. तो दगड फेकणारं यंत्र शहरातल्या बायका चालवत होत्या असं इथे परंपरेने सांगतात. तरी शेवटी 1271 मध्ये हा सगळा मुलूख फ्रान्सच्या राजाकडे गेला. त्यानंतरही, 1323 मध्ये, इथल्या सात कवींनी ऑक्सितान कवितेसाठी मंडळ काढलं आणि उत्तम कवितेला सोन्याचं व्हायोलेट फूल द्यायचं ठरवलं. ती संस्था आजही आहे. 1694 मध्ये चौदाव्या लुईने तिला अकादमी केलं.

गुलाबी विटांच्या हवेल्या दिसतील, त्यातल्या बऱ्याच पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या 'पास्तेल'च्या पैशावर उभ्या राहिल्या. पास्तेल म्हणजे इथल्या एका झाडाच्या पानांपासून काढलेला निळा रंग. आसेझा नावाच्या व्यापाऱ्याची हवेली नक्की बघा. पुढे सोळाव्या शतकातल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवीने व्यापार विस्कटला आणि त्याच सुमाराला आपल्याकडची नीळ युरोपात उतरू लागली; ती जास्त गडद आणि जास्त किफायतशीर होती. पास्तेलचा धंदा त्यातून सावरला नाही.

या शहराला बाहेरून आलेली माणसं नवी नाहीत. 1939 मध्ये यादवी युद्ध हरलेले सुमारे पावणेपाच लाख स्पॅनिश लोक पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये आले, त्यातले कितीतरी इथेच राहिले. 1962 नंतर अल्जीरियातून लोक आले. नवऱ्याच्या फ्रेंच सहकाऱ्याचं आडनाव स्पॅनिश, इटालियन किंवा पोर्तुगीज निघालं तर आश्चर्य वाटायला नको. त्यांच्याही आजीने ही भाषा मोठेपणी शिकलेली असते.

जेवणाचं थोडक्यात: कासुले हा इथला अभिमानाचा पदार्थ, पांढऱ्या घेवड्यात बदक आणि सॉसेज, म्हणजे तुमच्या घरी चालणार नाही. पण मसूर, छोले, भाज्या, चीज यांची चंगळ आहे. कोथिंबीर, मिरच्या, मसाले आर्नो-बेर्नार भागातल्या मगरेबी, म्हणजे उत्तर आफ्रिकी लोकांच्या, दुकानांत मिळतात. ज्वारी या भागात पिकते, बहुतेक जनावरांच्या खाद्यासाठी. पीठ मात्र सेंद्रिय मालाच्या 'बायो' दुकानांत 'सोर्गो' नावाने मिळतं. शाळेच्या कँतीनमध्ये आठवड्यातून एक जेवण शाकाहारी ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. रोजचं काय, ते नगरपालिकेला आधी विचारून घ्या. आणि चॉकलेट भरलेल्या त्या पावाला इथे 'शोकोलातीन'च म्हणायचं. पॅरिसकडचं 'पँ ओ शोकोला' हे नाव वापरलंत तर दुकानदार मनावर घेतो.

शाळेची काळजी करू नका. तीन वर्षांपासून शिक्षण सक्तीचं आहे, सरकारी शाळा मोफत आहे, आणि बाहेरदेशातून आलेल्या मुलांसाठी फ्रेंचचे खास वर्ग असतात. सातव्या वर्षी मुलं भाषा भराभर उचलतात. सुरुवातीचे काही महिने लेक शाळेत गप्प बसेल, ते चालू द्या. मात्र 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत धर्म ठळकपणे दाखवणारं काही घालता येत नाही. गळ्यातलं लहानसं लॉकेट चालतं. चर्च आणि सरकार 1905 मध्ये कायद्याने वेगळे झाले, आणि त्याआधी 1882 मध्ये शाळा. हा त्यांच्यासाठी मोठ्या झगड्यानंतर मिळालेला हक्क आहे. पालक-सभेत हा विषय निघाला तर आधी ऐका.

कागदांत एकाच ठिकाणी फार लोक अडकतात: जन्मदाखला. सगळ्यांचे जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला आई-वडिलांच्या पूर्ण नावांसकट घ्या, अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) भारतातच करून घ्या, आणि फ्रान्समधल्या न्यायालयाने मान्य केलेल्या भाषांतरकाराकडून भाषांतर करून घ्या. आरोग्य विम्याचं कार्ड, बँक, रहिवासी परवाना, सगळीकडे तेच मागतात. घर भाड्याने देताना मालक तीन महिन्यांच्या पगारपत्रकांची आणि भाड्याच्या तिप्पट पगाराची अपेक्षा ठेवतात. नव्याने आलेल्याकडे पगारपत्रकं कुठून असणार? 'व्हिझाल' नावाची भाड्याची मोफत हमी काही अटींवर मिळते, आणि कंपनीकडून पत्र घेता येतं. दोन्ही आधी विचारून ठेवा. ऑगस्टमध्ये निम्मा देश सुट्टीवर असतो, तेव्हा कुठलंही काम त्या महिन्यावर टाकू नका. 2026 पासून दीर्घ मुदतीच्या रहिवासी कार्डासाठी फ्रेंचची बी1 आणि नागरिकत्वासाठी बी2 पातळी लागते (भाषेच्या युरोपीय पातळ्या ए1 पासून सी2 पर्यंत चढत जातात). दोघांनीही निघण्याआधी ए2 तरी गाठा. तुमची नोकरी नसल्यामुळे भाषेची गरज नवऱ्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागेल, हे मी मुद्दाम लिहितेय. घरात अडकून पडलेल्या कितीतरी शिकलेल्या बायका मी इथे पाहिल्या आहेत.

फिरायला निघालात तर शांबेरीला जा. तिथे चौकात एका खांबाभोवती चार हत्तींचे पुतळे आहेत, 1838 सालचे. महादजी शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, ज्याने उभे केले तो द ब्वान्य, आपल्या पुस्तकांतला डी बॉयन, मूळचा तिथला, आणि हिंदुस्थानातली संपत्ती घेऊन तिथेच परतला. त्याचा जन्म झाला तेव्हा तो मुलूख फ्रान्सचा नव्हता, कायमचा फ्रान्सचा झाला तो 1860 मध्ये. मार्सेलच्या बंदरात उभं राहिल्यावर 8 जुलै 1910 ची सावरकरांची उडी आठवल्याशिवाय राहत नाही.

आता मराठीचं. इथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शाळा मोफत आणि सक्तीची झाली, तेव्हा वर्गात ऑक्सितान बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात किंवा हातात एखादी खूण द्यायचे: लाकडी जोड्याचा तुकडा, फळकुट, काहीही. ते दुसरं कुणी बोलताना सापडलं की त्याच्याकडे जायचं, आणि दिवस संपताना ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. ती पोरं आईबाप झाल्यावर त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंचच धरलं. आमच्या इमारतीत ऐंशी ओलांडलेल्या एक बाई आहेत, जवळच्या आरिएज जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. आजी-आजोबा आपसात ऑक्सितान बोलायचे आणि नातवंडांकडे वळले की फ्रेंच. बाईंना आजही बाजारातलं, गोठ्यातलं, भांडणातलं सगळं समजतं, पण पूर्ण वाक्य तोंडून येत नाही. तुलूजच्या मेट्रोत 2009 पासून स्टेशनांची नावं ऑक्सितानमध्येही सांगतात, रस्त्यांच्या पाट्याही दोन भाषांत आहेत. बाई म्हणतात, हे ऐकायला बरं वाटतं, पण हे आमच्या घरचं नाही.

भाषा शाळेत मार खाऊन मेली नाही. घरात मोठ्यांनी लहानांशी बोलणं सोडलं तेव्हा ती गेली. तुमच्या लेकीवर कुणी अशी खूण लादणार नाही. पण सहा महिन्यांत ती तुम्हाला फ्रेंचमध्ये उत्तरं द्यायला लागेल, आणि तुमचं फ्रेंच सुधारावं म्हणून तुम्हालाही तिच्याशी तेच बोलावंसं वाटेल. ते करू नका. तुमचा फ्रेंचचा सराव बाहेर, शेजाऱ्यांशी, क्लासमध्ये. तिच्याशी मराठीच, ती फ्रेंचमध्ये बोलली तरी. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात, दुसरीपासूनची आत्ताच घेऊन ठेवा. बुधवारी दुपारी इथे शाळा नसते, तो वेळ नाशिकच्या आजीसाठी राखून ठेवा. इथे दोन वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा झालेले असतात.