वाढदिवसाचा केक आदल्या दिवशी भाजून ठेवला तर कोरडा पडेल का?

नाही पडणार. उलट आदल्या दिवशीच भाजा. रात्रभर मुरलेला स्पंज कापताना चुरा कमी होतो. फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथल्या थंडीत मैद्यातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि केक बाहेर ठेवल्यापेक्षा आधी कोरडा लागतो. पूर्ण गार होऊ द्या (कोमट असताना गुंडाळलात तर वाफेने वरचा थर चिकट होतो, हे घाईत हमखास होतं), मग क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून ओट्यावरच ठेवा. हवा फार गरम असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. तिथे महिनाभरही टिकतो. क्रीम मात्र त्याच दिवशी लावा, आणि ते लावल्यावर फ्रिज हवाच. लोणी-तेल नसलेला स्पंज असेल तर साखर-पाण्याचा पातळ पाक गार करून थरांवर ब्रशने फिरवा.