जबाबदार, उत्तरदायी, दायित्व: कंपनीबद्दल लिहिताना कुठला शब्द कुठे?

प्रश्न असा आलाय: पर्यावरण आणि मानवी हक्कांवरच्या एका पुस्तिकेचं मराठी करायचं काम चालू आहे, त्यात "कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी" पानोपानी येतं. कोणी "जबाबदारी" सुचवतं, कोणी "उत्तरदायित्व", एकाने हिंदीतलं "जवाबदेही" उचललंय आणि ओळखीचा वकील म्हणतो "दायित्व" लिहा. हे सगळे शब्द एकच आहेत का, नसतील तर कुठला घ्यायचा? शिवाय "कॉम्प्लिसिटी"ला काय म्हणायचं, आणि "उत्तरदायित्व"चं शुद्धलेखन काय?

एकच नाहीत, आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचा विषय असेल तर ते एकच धरणं महागात पडतं. मी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातल्या 1984 च्या वायुगळतीचंच उदाहरण घेऊन सांगते, कारण या सगळ्या शब्दांमधली फट किती मोठी असू शकते ते तिथे दिसतं आणि त्या फटीत माणसांची अख्खी आयुष्यं गेलीत.

आधी जबाबदार. मूळ अरबी जवाब, त्याला फारसी -दार, म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे किंवा ज्याने तो द्यायचाय तो. आपल्याकडे हा शब्द नीट रुजलाय, पोलिस स्टेशनात जबाब नोंदवतात, जुन्या कागदपत्रांत जाबसाल सापडतो, आणि "जाब विचारणे" तर रोजचं आहे. पण वापरता वापरता जबाबदारला दोन वेगळे अर्थ चिकटले आणि दोन्हींना विभक्ती एकच, "-ला". "पुराला अतिवृष्टी जबाबदार" हे आपण बिनदिक्कत लिहितो, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात "मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं" हेही वाचलेलं असतं. पहिल्या वाक्यात "-ला" घटनेला लागलाय, जबाबदार म्हणजे फक्त कारण. दुसऱ्यात "-ला" जाब विचारणाऱ्याला लागलाय. पाऊस पुराला जबाबदार असू शकतो, पण पाऊस कोणाला जबाबदार नसतो, त्याला कोणी बोलावून विचारू शकत नाही. संस्थानांतल्या प्रजा परिषदा "जबाबदार राज्यपद्धती" मागत होत्या तो हा दुसरा अर्थ, आणि अकाउंटेबिलिटी म्हणजे तोच.

म्हणून "वायुगळतीला कंपनी जबाबदार" एवढं लिहून थांबलं की अर्धंच काम होतं, कारण झालं कोणामुळे ते कळतं, कोणासमोर उभं राहायचं ते कळत नाही. तिसरा प्रकार आहे "नैतिक जबाबदारी", तो आपल्याला राजीनाम्यांमुळे पाठ आहे. युनियन कार्बाइडचं म्हणणं आजवर हेच राहिलंय की आम्ही लगेच नैतिक जबाबदारी स्वीकारली होती. भाषांतर करताना हा शब्द आला की "नैतिक" हे विशेषण कधीही गाळू नका, जागा वाचवायलाही नाही, कारण ते विशेषण तिथे कायदेशीर जबाबदारी बाहेर ठेवायला बसवलेलं असतं.

आता दायित्व. वकील मित्र चुकत नाहीये, लायबिलिटीला, म्हणजे कायद्याने अंगावर येणाऱ्या देण्याला, कायद्याच्या मराठीत दायित्वच म्हणतात. आणि हा शब्द आपण रोज न वाचता वाचत असतो. कुठल्याही पतसंस्थेच्या पाटीवर शेवटी "मर्यादित" लिहिलेलं असतं, जागा कमी असेल तर "मर्या.". काय मर्यादित? संस्था नव्हे, सभासदाचं दायित्व. संस्था बुडाली तर तुम्ही भागभांडवलात घातलेले पैसे जातील, तुमचं घर जाणार नाही. छोट्या गुंतवणूकदारासाठी ही सोय चांगलीच आहे. पण भागधारक स्वतःच एक अवाढव्य कंपनी असेल आणि तिच्या हातात अर्ध्याहून जास्त शेअर असतील, तेव्हाही तोच शब्द तिचं रक्षण करतो. भोपाळचा कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा होता, एव्हरेडीच्या बॅटऱ्या काढायची तीच, आणि तिचे 50.9 टक्के शेअर अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे होते. कारखान्याच्या डिझाइनवर अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा हात होता हे खरं, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली तेव्हा तिचं म्हणणं, ती कंपनी वेगळी आणि आम्ही वेगळे.

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री काय झालं ते थोडं जवळून बघा, कारण शब्द यालाच लावायचेत. टाकी क्रमांक 610, आत मिथाइल आयसोसायनेट, ते थंड ठेवावं लागतं. थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली. टाकीत पाणी गेलं, रसायन तापलं, दाब वाढला. बाहेर पडणारा वायू धुऊन काढणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्याला पुरणं शक्यच नव्हतं, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी बंद. सुमारे 40 टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर उतरला. आता "गळती" हा शब्द बघा, नळ गळतो, छप्पर गळतं, कर्ता कोणीच नाही. मी "वायुगळती" वापरते कारण रूढ आहे, पण पुढच्याच वाक्यात यंत्रणा कोणी आणि कशासाठी बंद ठेवल्या होत्या ते यायला हवं, नाहीतर व्याकरणच कंपनीच्या बाजूने साक्ष देतं.

आणि उत्तरदायी. उत्तर देणारा, म्हणजे बोलावलं की हजर होऊन विचारलेल्याचं उत्तर देणारा. भोपाळमध्ये नेमकं हेच झालं नाही. 1985 साली कायदा करून भारत सरकार सगळ्या पीडितांच्या वतीने एकमेव दावेदार झालं आणि खटला न्यूयॉर्कला नेला. कंपनीचं म्हणणं, खटला भारतात चालवा, तिथली न्यायालयं पूर्ण सक्षम आहेत. मे 1986 मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी ते मान्य केलं, अट अशी की कंपनीने भारतातल्या कोर्टाचा अधिकार मानायचा. मग भारतात भोपाळच्या फौजदारी कोर्टाने समन्स काढले तेव्हा दुर्घटनेच्या वेळचे कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसनही आले नाहीत आणि कंपनीही आली नाही, 1992 मध्ये दोघांनाही फरार घोषित करावं लागलं. एक अख्खी कंपनी फरार! अँडरसन 2014 मध्ये फ्लोरिडात वारले, भोपाळच्या कोर्टात एकदाही उभे न राहता. ज्याला "उत्तरदायित्व" हा शब्द जड, पुस्तकी वाटतो त्याने एवढा एक प्रसंग लक्षात ठेवावा, कारण इथे जबाबदारी (कारण या अर्थाने) दाखवता येते, दायित्वाचे पैसेही थोडेफार वसूल झाले, पण उत्तर देणं झालंच नाही, ते वेगळं उरलं आणि त्याला वेगळा शब्द लागतो.

पैशांचं काय झालं तर फेब्रुवारी 1989 मध्ये सुप्रीम कोर्टात 47 कोटी डॉलरची तडजोड झाली. सरकारने मूळ मागणी 330 कोटी डॉलरची केली होती. तडजोडीच्या वेळी मृत्यू सुमारे 3,000 धरले होते, पुढे दावे तपासून मंजूर झालेले मृत्यूच 5,295 झाले आणि एकूण पीडित साडेपाच लाखांच्या वर. वाढीव भरपाईसाठी केंद्राने 2010 मध्ये केलेली याचिका मार्च 2023 मध्ये फेटाळली गेली. इथे मला "तडजोड" या शब्दावर थांबायचंय. वर्तमानपत्रं कधी कधी याला "निकाल" म्हणतात, ते चूक आहे. निकालात दोष कोणाचा ते ठरतं, तडजोडीत ते ठरवायचं नाही यासाठीच पैसे दिले जातात. इंग्रजीत ठरलेलं वाक्य येतं त्याचं मराठी "दायित्व मान्य न करता तडजोड" असं सरळ करा, "सामंजस्याने तोडगा" वगैरे गोड करू नका.

त्याच ओघात भरपाईचे शब्द. नुकसानभरपाई म्हणजे जे देणं लागतं ते. "सानुग्रह अनुदान" फोडून बघा, स + अनुग्रह, कृपेसहित दिलेलं, म्हणजे देणं लागत नव्हतं तरी दिलं. "मदत" तशीच. कारखान्यात स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, "मृतांच्या वारसांना कंपनीकडून पाच लाखांची मदत", मला हे वाचून दर वेळी राग येतो, ज्याच्यामुळे माणूस गेला त्याने दिलेल्या पैशाला मदत कसं म्हणायचं?

एक अवघड जोडी राहिली जी पुस्तिकेत नक्की येईल, स्ट्रिक्ट लायबिलिटी आणि ॲब्सोल्यूट लायबिलिटी. पहिली इंग्लंडमधल्या 1868 च्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर निकालातली, धोक्याची वस्तू बाळगली आणि ती सुटली तर हलगर्जी सिद्ध करायची गरज नाही, पण अपवाद आहेत, अस्मानी संकट असेल किंवा तिऱ्हाइताने केलं असेल तर सुटका. दुसरी आपल्याकडची. भोपाळनंतर वर्षभरातच डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला, त्या एम. सी. मेहता खटल्यात पुढच्या डिसेंबरात सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने सांगितलं की घातक उद्योग चालवणाऱ्याला हे अपवादही मिळणार नाहीत, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाई जास्त. "कडक दायित्व" आणि "निरपेक्ष दायित्व" असे प्रतिशब्द दिसतात, पण निरपेक्ष वाचून सामान्य माणसाला काही बोध होत नाही. मी "निरपवाद दायित्व" लिहीन, कारण फरक नेमका अपवादांचाच आहे. आणि तो किती महत्त्वाचा ते बघा, युनियन कार्बाइडचा बचाव हाच होता की कोणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, म्हणजे तिऱ्हाइताचा अपवाद. निरपवाद दायित्वात या बचावाला जागाच नाही. भोपाळचा खटला तडजोडीत मिटल्यामुळे ते तत्त्व तिथे लावलं गेलं नाही याची हळहळ वाटते.

"कॉम्प्लिसिटी" बद्दलही विचारलंय. इथे आपल्या कोकणातलं उदाहरण आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प, गुहागर तालुक्यात आंदोलकांना झालेल्या अटका आणि मारहाण यावर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने 1999 मध्ये अहवाल काढला, त्यात ठपका असा की मारहाण करणारे पोलिस सरकारचे, पण तिथल्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती. याला "संगनमत" म्हणायचं का? मला नाही वाटत. संगनमतात आधी बसून ठरवलेलं असतं, आणि ते सिद्ध झालं नाही की आरोप गळून पडतो. कॉम्प्लिसिटीला ठरवून करणं लागत नाही, चाललेलं माहीत असून पैसा, गाड्या, जागा पुरवत राहणं पुरतं. "पाठबळ" किंवा वाक्यात "साथ देणं" जास्त जवळ जातं. "मिलीभगत" तर नकोच, तो हिंदी आहे आणि संगनमताहून पुढचा आरोप करतो.

ड्यू डिलिजन्सला, म्हणजे नुकसान होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या खबरदारीला, "दक्षता" घ्या, दक्षता समिती वगैरेमुळे तोंडात बसलेला शब्द आहे. फ्रान्सने 2017 मध्ये केलेल्या कायद्याच्या नावातही दक्षताच आहे, मोठ्या फ्रेंच कंपन्यांनी उपकंपन्या आणि पुरवठादारांकडे काय चाललंय त्यावर नजर ठेवायची आणि तसा आराखडा जाहीर करायचा, बांगलादेशातली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1,100 हून जास्त कामगार गेले त्यानंतर या कायद्याला जोर आला. आणि पॅरेंट कंपनीला पालक कंपनी म्हणायचं की मूळ कंपनी? मी "मूळ" लिहिते. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2019 मध्ये वेदांता या खाण कंपनीच्या प्रकरणात झांबियातल्या गावकऱ्यांना लंडनमध्ये खटला चालवू दिला, उपकंपनीच्या तांब्याच्या खाणीने त्यांचं पाणी नासवल्याची तक्रार होती. मूळ कंपनीने उपकंपनीच्या कामात किती हात घातला होता यावर तिचं कर्तव्य ठरू शकतं, आणि झांबियात त्या गरीब लोकांना खरा न्याय मिळणं अवघड आहे, असं कोर्टाने मानलं. 1986 ला न्यूयॉर्कमध्ये असं कोणी म्हणालं असतं तर! पुढे 2021 मध्ये तेही तडजोडीत मिटलं, दायित्व मान्य न करता.

तर पुस्तिकेसाठी: अकाउंटेबिलिटीला उत्तरदायित्व, लायबिलिटीला दायित्व, रिस्पॉन्सिबिलिटीला जबाबदारी. शीर्षकात उत्तरदायित्व फारच जड वाटत असेल तर "कंपन्यांना जाब" करा, मला ते जास्त आवडेल. आणि कुठलाही शब्द घेतलात तरी "कोणाला" ते वाक्यात येऊ द्या, "भोपाळच्या पीडितांना उत्तरदायी", नुसतं "उत्तरदायी कंपनी" नको. जानेवारी 2025 मध्ये त्या कारखान्यात चाळीस वर्षं पडून असलेला 337 टन विषारी कचरा मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला नेऊन पुढे जाळला, तो सरकारी खर्चाने. कार्बाइडला 2001 मध्ये विकत घेतलेल्या डाऊ केमिकल कंपनीचं म्हणणं अजूनही हेच आहे की ते दायित्व आमच्याकडे आलेलं नाही. अशा वाक्याचं भाषांतर करताना "जबाबदारी झटकली" असं ढोबळ लिहू नका, नेमकं काय नाकारलंय ते लिहा, दायित्व नाकारलंय.

जवाबदेहीची मराठीत गरज नाही, जबाबदारी आणि जाब घरचे असताना. शुद्धलेखनाचं विचारलंय म्हणून: उत्तरदायी दीर्घ, पण उत्तरदायित्व आणि दायित्व ऱ्हस्व, मूळ शब्द दायिन् आहे आणि त्याला -त्व लागताना न् जातो, "यि" तसाच राहतो. "उत्तरदायीत्व" छापलं असेल तर प्रुफात दुरुस्त करून घ्या.