मॅडम, हिला मॉलिक्यूल दिसतच नाही

गणपती झाले की मुलांच्या अभ्यासातल्या अडचणी बघणाऱ्या माझ्यासारख्या सायकॉलॉजीवालीचे फोन वाजायला लागतात, कारण पहिल्या युनिट टेस्टचे मार्क साधारण तेव्हाच हातात पडतात. अकरावी-बारावी सायन्सवाल्या पालकांचा प्रश्न घर बदलतं तसे शब्द बदलतो, बाकी तोच. दहावीला नव्वदच्या वर होती, आता केमिस्ट्रीत गटांगळ्या खातेय, म्हणते डोक्यात चित्रच येत नाही, मग मुळात सायन्सचं डोकंच नाहीये का तिचं? आर्ट्सला टाकू का?

प्रत्येकाला फोनवर थोडं थोडं सांगत बसण्यापेक्षा एक केस नीट सांगते. नाव बदललंय, घरच्यांना विचारून लिहितेय.

सायली, बारावी, राहायला लालबागला. बाबा बसवर ड्रायव्हर, आई हॉस्पिटलात नर्स, नाइट संपवून तशीच माझ्याकडे दादरला आलेली, डोळे लाल. क्लासची फी दीड लाख, हप्ते चालू. आई बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, हिला मॉलिक्यूल दिसतच नाही. बाकीच्या मुलांना दिसतात म्हणे." सायली खाली बघत ओढणीचं टोक पिळत होती. मी म्हटलं, ताई, मॉलिक्यूल कोणालाच दिसत नाही, तुम्ही आधी चहा घ्या.

आई बाहेर बसल्यावर पोरगी बोलायला लागली. सर फळ्यावर काहीतरी काढतात, म्हणतात "आता हे मनात फिरवा", आणि एकशेवीस मुलं माना हलवतात म्हणून तीही हलवते. डोळे मिटले तर काळोख. मग तिनं सरळ सगळं पाठ करायचं ठरवलं, मिथेन टेट्राहेड्रल एकशे नऊ पॉइंट पाच, अमोनिया एकशे सात, पाणी एकशे चार पॉइंट पाच, सगळे अँगल घडाघडा. पण कशाचा अँगल, कुठून कुठे, ते विचारलं की गप्प. (अणूंना जोडणारे बाँड असतात ना, त्यांतल्या दोघांमधला कोन तो.)

मी ठोकळे फिरवून ओळखायची एक शीट दिली, 1971 साली शेपर्ड आणि मेट्झलर या सायकॉलॉजीवाल्यांनी ज्या प्रकारची चित्रं वापरली होती तसली. ना फार भारी आलं ना वाईट, चारचौघांसारखं. म्हणजे "डोकंच नाही" हे तर नाहीच.

आता माझी चूक सांगते. मी सायकॉलॉजीकडे वळायच्या आधी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय, त्यामुळे जरा जास्तच उत्साह आला आणि पहिल्याच भेटीत मी तिला मॉलव्ह्यू उघडून दिलं, फुकट आहे, मोबाइलवर मॉलिक्यूल गरगर फिरतो. घरी रोज बघ म्हटलं. दोन आठवड्यांनी आली आणि म्हणाली, "फिरतो छान मॅडम, पण फिरवतंय बोट, मला तर काही करावंच लागत नाही. आणि पेपरात मोबाइल नसतो." बरोबर होतं तिचं. रील बघितल्यासारखं बघून झालं होतं ते.

मग कागद पुढे केला. म्हटलं मिथेन काढ, पुस्तकात आहे तसा. काढला अगदी झकास, मधे कार्बन, दोन साध्या रेघा, एक जाड पाचर, एक तुटक तुटक. मी सहज विचारलं, ही जाड का गं? म्हणाली, "हा स्ट्राँग बाँड आहे ना. आणि तुटकवाला वीक, हायड्रोजन बाँडसारखा."

मी दोन मिनिटं काही बोललेच नाही. बघा ना, तिचं लॉजिक किती बरोबर आहे! हायड्रोजन बाँडच्या धड्यात तुटक रेघ म्हणजे वीकच असते, तिथे तसंच शिकवलंय, मग इथे त्याच तुटक रेघेचा अर्थ बदलला हे तिला सांगितलं कोणी? जाड पाचर म्हणजे तो बाँड कागदातून आपल्याकडे आलेला, तुटक म्हणजे कागदाच्या मागे गेलेला, साधी रेघ कागदातच, चारही बाँड सारखेच मजबूत. एवढं एक वाक्य. ते कधीतरी अकरावीच्या सुरुवातीला बोललं गेलं असेल, तेव्हा ही ॲडमिशनच्या तिसऱ्या लिस्टची वाट बघत असेल, नाहीतर ट्रेन लेट झाली असेल. त्यानंतर दीड वर्ष ती सपाट चित्र बघत होती आणि लोक तिला मनात फिरवायला सांगत होते. सपाट चपाती फिरवली तर चपातीच दिसणार ना.

पालकांनी हे ध्यानात घ्या, "दिसत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या बऱ्याच मुलांचं माझ्याकडे हेच निघतं. नजर ठीक असते, चित्राची लिपी कोणी शिकवलेली नसते. केमिस्ट्री कशी शिकवावी यावर काम करणारे ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1991 मध्ये हेच मांडलं होतं की केमिस्ट्री एकाच वेळी तीन मजल्यांवर चालते, एक डोळ्यांना दिसणारं पाणी, एक न दिसणारा रेणू, म्हणजे मॉलिक्यूल, आणि एक वहीतलं एचटूओ, आणि शिकवणारा या मजल्यांवरून सहज वरखाली करतो, मुलांना मात्र जिना सापडत नाही. मजल्यांची तुलना माझी हां, चाळीतली सवय.

मग तिला डायक्लोरोमिथेन काढायला सांगितला, म्हणजे मिथेनमधले दोन हायड्रोजन काढून दोन क्लोरीन. तिनं दोन वेगळे काढले, एकात क्लोरीन शेजारी शेजारी, एकात समोरासमोर. म्हणाली दोन आयसोमर, म्हणजे अणू तेच पण मांडणी वेगळी. मला इतका आनंद झाला, कारण रेणू सपाट धरला तर दोनच यायला हवेत, आणि खऱ्या जगात आजवर एकच सापडलाय. नेमक्या असल्याच हिशोबातून 1874 मध्ये व्हान्ट हॉफ नावाच्या 22 वर्षांच्या डच पोरानं सांगितलं होतं की कार्बनचे चार हात सपाट नसणारच, ते चार कोपऱ्यांकडे गेलेले असणार. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ल बेलनंही स्वतंत्रपणे तेच मांडलं. त्याच्या आधी 1865 मध्ये लंडनला हॉफमन नावाच्या केमिस्टनं क्रोके या खेळाचे लाकडी बॉल आणि दांड्या घेऊन रेणू दाखवले होते, कार्बन काळा, ऑक्सिजन लाल, हायड्रोजन पांढरा हे रंग तेव्हापासूनचे, पण त्याचा मिथेन सपाटच होता. आणि लाइपझिगचा कोल्बे, केवढा मोठा प्रोफेसर, त्यानं 1877 मध्ये व्हान्ट हॉफची छापून टिंगल केली, हा जनावरांच्या डॉक्टरी शाळेत नोकरी करणारा पोरगा आणि कल्पनेचे घोडे उडवतोय असं. पुढे 1901 चं केमिस्ट्रीचं पहिलंच नोबेल याच पोराला मिळालं, दुसऱ्या कामासाठी मिळालं ते सोडा.

सायली म्हणाली, "म्हणजे त्या प्रोफेसरलाही दिसत नव्हतं?" त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आता हातांचं काम. मॉडेल किट प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, पण मी मुद्दाम घेऊ दिलं नाही, कारण त्यात भोकं आधीच पाडलेली असतात, मूल फक्त काड्या खुपसतं. रात्री छोले भिजत घाल म्हटलं आणि टूथपिक घे. एका छोल्यात चार टूथपिक अशा खुपस की कुठल्याही दोघींमधे अंतर सारखंच राहील. सोपं वाटतं ना? करून बघा. पहिल्यांदा सगळे अधिकच्या चिन्हासारखंच खुपसतात. आईचा फोन, "मॅडम, अर्धा किलो छोले भोकं पाडून ठेवलेत, मी उसळ कसली करू?"

अडत होतं ते मरीन ड्राइव्हवर सुटलं. रविवारी सगळे फिरायला गेले होते तिकडे, आणि कट्ट्याखाली समुद्राच्या बाजूला ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे टाकलेत ना, टेट्रापॉड, ते तिनं बघितले. लहानपणापासून बघत होती, त्या दिवशी बघितले. कसाही पडला तरी तीन पाय खाली आणि एक वर. तिनं वरूनच फोटो काढला (खाली उतरू नका हां, शेवाळ असतं, दरवर्षी कोणीतरी अडकतं) आणि मला व्हॉट्सॲप केला, खाली लिहिलेलं "मिथेन!!!". मी उत्तर पाठवलं, आता याच ठोकळ्याचं चित्र काढ, पुढे आलेला पाय जाड, मागे गेलेला तुटक, उरलेले दोन साधे. तीन वेगवेगळ्या बाजूंनी काढ. आणि मॉलव्ह्यू आता उघड, पण नियम असा, आधी कागदावर काढायचं, मग फिरवून चेक करायचं, उलटं नाही.

रोज पंधरा मिनिटं, सहा आठवडे. याला जादू म्हणू नका, 2013 मध्ये सायकोलॉजिकल बुलेटिनमध्ये 217 अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, त्यात वस्तूंचे आकार-दिशा मनात धरायची असली समज सरावानं वाढते आणि टिकतेही असंच निघालं. ज्यांना डोळे मिटल्यावर खरंच कधीच काही दिसत नाही असेही लोक असतात, 2015 पासून त्याला अफँटेझिया म्हणतात, पण त्यांनाही हातात वस्तू घेऊन शिकता येतं.

आईला मी स्पष्ट सांगितलं, ताई, आर्ट्सला जायचं तर आवडतं म्हणून जाऊदे, पाचर कळली नाही म्हणून नको. दुसऱ्या टेस्टला 25 पैकी 9 चे 16 झाले. फिजिकल केमिस्ट्रीची गणितं अजून रडवतात, ती वेगळी गोष्ट.

शेवटच्या भेटीला डबा घेऊन आली. डब्यात दोन मॉडेल, दोन्हीत मधे छोला आणि भोवती वाटाणा, राजमा, काळा चणा, शेंगदाणा. म्हणाली, "मॅडम, दोन्ही सेमच केलीत, चार वेगळ्या गोष्टी. पण काल रात्रीपासून फिरवतेय, एकावर एक बसतच नाहीत. वाटाणा-राजमा जुळवला की चणा-शेंगदाण्याची अदलाबदल होते. माझं कुठे चुकतंय?"

मी म्हटलं, चुकलं काही नाही, दाराबाहेर जा आणि तुझ्या चपला बघ.

गेली. बराच वेळ आलीच नाही. मग बाहेरून आईचा आवाज, "अगं उजव्या पायात डावी काय घालतेस, वेड लागलंय का?"