सहचर, उपग्रह की सांगाती?

फोंड्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या भित्तिपत्रकावर मुलांनी लिहिलेय, 'मित्र हा सूर्यासारखा जवळचा तारा असून त्याला दोन सहचर व एक उपग्रह आहे.' यात 'सहचर' चालेल, की 'सोबती' करू?

बाई, 'सहचर' चुकीचा नाही, पण 'उपग्रह' तेवढा आजच खोडा. (मित्र म्हणजे इंग्रजीतला अल्फा सेंटॉरी.) ताऱ्याभोवती फिरतो तो ग्रह, ग्रहाभोवती फिरतो तो उपग्रह. मोठ्याच्या मागे असेल तो 'उप', असा मुलांचा हिशेब दिसतो. सरपंच-उपसरपंच रोज कानावर पडतात, त्यांचा तरी काय दोष!

'सहचर'च्या घोळाचे मूळ इंग्रजीतल्या 'कम्पॅनियन'मध्ये आहे. खगोलशास्त्रात तो शब्द जोडीच्या ताऱ्यालाही लावतात आणि ताऱ्याच्या ग्रहालाही. मराठीने ही ढिलाई उसनी का घ्यावी? सहचर म्हणजे बरोबर चालणारा. 'सहचारिणी' म्हटले की आपल्याला बरोबरीचा संसार आठवतो. तारा आणि ग्रह यांच्यात असली बरोबरी नसते.

'मित्र'च्या घरात मात्र ती आहे. डोळ्यांना तो एकच तारा दिसतो. तो जोडतारा आहे हे १६८९ साली लक्षात आले, आणि तेही आपल्या देशात: पुद्दुचेरीत फादर रिशो हे फ्रेंच जेझुइट धूमकेतू पाहत होते, त्यांना दुर्बिणीतून एकाचे दोन दिसले. या दोघांना 'अ' आणि 'ब' म्हणतात: 'अ' सूर्याच्या सुमारे १.१ पट वस्तुमानाचा, 'ब' सुमारे ०.९ पट. म्हणून 'ब हा अ-भोवती फिरतो' असेही लिहू नये. गणेशचवथीत दोघी फुगडी घालतात तेव्हा कोण कोणाभोवती फिरते? अंगाने भारी ती मधल्या बिंदूच्या जरा जवळ, हलकी जरा लांब, एवढेच. 'दोघे एकमेकांभोवती फिरतात' हे बरोबर. यांची एक गिरकी ८० वर्षांची.

तिसरी प्रॉक्सिमा. हा अंधुक लाल बटुतारा, म्हणजे सूर्याहून बराच लहान तारा, १९१५ मध्ये सापडला. तो जोडीपासून इतका दूर आहे की त्याच्या एका फेरीला साडेपाच लाख वर्षे लागतात. नाव लॅटिन, अर्थ 'सर्वांत जवळची', कारण सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा हाच, ४.२४ प्रकाशवर्षांवर. गोव्यात पोर्तुगीज शाळेत गेलेल्या आजोबांना हा अर्थ सांगावा लागणार नाही. त्याला सहचर म्हणता येईल, पण मी 'सांगाती' म्हणेन. सांगाती अंतर राखूनही संगत करतो. संतांच्या मराठीतला हा शब्द पुण्यामुंबईच्या बोलण्यातून जवळपास गेला. आपल्याकडे कोकणीने तो जपला. सोबत्यासाठी कोकणीतला 'वांगडी'ही सुचला होता, पण भित्तिपत्रक मराठी आहे, तेव्हा मोह आवरला.

आता ग्रह. २०१६ मध्ये जाहीर झालेला ग्रह प्रॉक्सिमाचा आहे; त्याचे वर्ष जेमतेम ११ दिवसांचे. २०२२ मध्ये त्याहून लहान असा आणखी एक जाहीर झाला. 'ब'भोवती ग्रह सापडल्याची बातमी २०१२ मध्ये गाजली, पण २०१५ मध्ये तो आकडेमोडीतला भास ठरला. 'अ'जवळ जेम्स वेब दुर्बिणीला २०२४ मध्ये एक ठिपका दिसला, पुढच्या वर्षीच्या दोन वेधांत तो दिसला नाही. अशांना हल्ली 'उमेदवार ग्रह' म्हणतात. मला ते वाचून पंचायतीची निवडणूक आठवते. 'संभाव्य ग्रह' बरा.

दुसऱ्या ताऱ्यांच्या अशा ग्रहांना 'बहिर्ग्रह' म्हणणे टाळा. मंगळापासून पुढच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेबाहेरच्या ग्रहांना तो शब्द आधीच दिलेला आहे.

तर वाक्य असे करा: 'मित्र हा सूर्यासारख्या दोन ताऱ्यांचा जोडतारा असून प्रॉक्सिमा हा त्यांचा दूरचा सांगाती आहे, प्रॉक्सिमाला ग्रह आहेत.'

आणि 'सूर्यासारखा' हे मुलांनी लिहिलेले मला फार आवडले. संस्कृतात नपुंसकलिंगी 'मित्रम्' म्हणजे स्नेही, पुल्लिंगी 'मित्रः' म्हणजे सूर्यच. सूर्यनमस्काराचा पहिला मंत्र 'ॐ मित्राय नमः' मुलांना पाठ असेलच. मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, रात्री अकराच्या सुमारास दक्षिण मोकळी असलेल्या किनाऱ्यावर त्यांना न्या. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. क्षितिजापासून दीड मुठीच्या आत, मित्रक या शेजारच्या ताऱ्याच्या डावीकडे, जो जास्त झळाळतो तो मित्र.