फुलानींची गुरं पावसाळ्यात उत्तरेला का जातात?

तुम्ही विचारलंय, की पश्चिम आफ्रिकेतल्या माली-नायजरकडचे फुलानी गुराखी गावातच गोठे बांधून चारा का पिकवत नाहीत, दरवर्षी कळप फिरवून शेतकऱ्यांशी भांडणं का ओढवून घेतात.

तिथला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. नेमक्या याच दिवसांत गावाभोवती बाजरी, ज्वारी, चवळी उभी असते. गुरं चारायची कुठे? म्हणून गवत फुटलं की कळप उत्तरेला सहारा वाळवंटाच्या कडेकडे निघतात. तिकडचं गवत बुटकं नि विरळ, पण प्रथिनांच्या बाबतीत दक्षिणेतल्या उंच गवतापेक्षा सरस. चिखल-माश्यांचा जाच कमी, चाटायला खारी मातीही मिळते.

काढणी झाली की कळप माघारी येतात आणि आता गुरांची गरज शेतकऱ्याला असते. गुरं दिवसा बाजरीचं सरमाड खातात, रात्री त्याच शेतात बसतात. आपले धनगर शेतात मेंढरं बसवतात ना, तसंच. मोबदला धान्य किंवा पैसे, शिवाय विहिरीचं पाणी. तळ थोड्या थोड्या दिवसांनी सरकवला की सगळं रान खतावतं. शेण गोळा करून टाकण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण मूतही तिथेच मुरतं. त्या रेताड जमिनीला नत्राची फार भूक आहे. शिवाय फुलानी बायका दूध देऊन बाजरी घेतात, ते वेगळंच.

सगळं अडतं ते तारखेवर. मालीत दियाफाराबे गावापाशी कळप नायजर नदी पोहून कुरणांत उतरतात. पाणी कितपत ओसरलं, भात कापून झालं का, हे पाहून जाणती माणसं बैठकीत दिवस ठरवतात. कुठला कळप आधी उतरणार हा क्रमही एकोणिसाव्या शतकात तिथल्या मासिना राज्याचा संस्थापक सेकू अमादू याच्या राजवटीत बांधून दिलेला. हा सोहळा 2008 पासून युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारसा यादीत आहे.

मग बिघडलं कुठे? सत्तरच्या दशकातल्या आणि पुन्हा 1984 च्या दुष्काळात गुराख्यांची गुरं मेली, विकली गेली. पुष्कळशी व्यापाऱ्यांकडे, नोकरदारांकडे गेली आणि मूळ मालकच पगारी राखणदार झाले. गुरांच्या वाटा नांगरल्या गेल्या, नदीकाठच्या बुर्गू या पाणथळ गवताच्या कुरणांत भात आला. मालीत 2012 च्या सशस्त्र बंडानंतर बंदुकाही आल्या. त्यामुळे पूर्वी नुकसानभरपाईवर मिटणारी तक्रार आता जिवावर बेतते.

गोठे बांधून यातलं काहीच सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी वाटा मोकळ्या करा. नायजरने 2010 च्या कायद्याने कळप फिरवणं हा गुराख्यांचा हक्क मानलाय. आता प्रत्येक गावात शेतकरी आणि गुराखी दोघांना सोबत घेऊन वाट मोजायला हवी आणि तिच्या दोन्ही कडांना दगड रोवायला हवेत.